आकडा का उतरला?



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात पुरुष आपल्या शरीराविषयी मोकळेपणाने बोलत असत, असं त्यांचे जुने रुग्ण आजही सांगतात. म्हणूनच मी आजचा विषय निवडला. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी आहे असं कळल्यावर ते बाहेरून घ्यायला सुरुवात करावी की नाही, हा निर्णय कसा करायचा, याबद्दल मी बोलणार आहे. विषय संकोचाचा वाटेल, पण महाराष्ट्राला तो नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना शास्त्राच्या आधारे छापील उत्तरं दिली आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 मध्ये न्यायालयात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. एवढी किंमत देऊन मिळालेला मोकळेपणा आपण वापरला नाही, तर त्याची जागा जाहिराती घेतात.

त्या जाहिरातींचं रूप आता बदललं आहे. पूर्वी एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘मर्दानी ताकद’ रंगवलेली असे. आता चाळिशीच्या पुरुषांसाठी तपासण्यांचं पॅकेज असतं, घरी येऊन रक्त नेतात, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड यांच्या खाली कुठेतरी ‘टोटल टेस्टोस्टेरॉन’ असतं आणि आकड्यापुढे ठळक टाइपात ‘एल’ छापलेलं असतं, म्हणजे कमी. त्या एका अक्षराने कितीतरी घरांतली झोप उडते. ते अक्षर खरं काय सांगतं आणि काय सांगत नाही, ते आज पाहू.

एक उदाहरण घेतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एकतिशीतला तरुण, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, अमेरिकेच्या वेळेनुसार काम, लग्नाला दोन वर्षं. दिवसभर मरगळ, कशात मन लागत नाही, पोट सुटलेलं. रिपोर्टमध्ये आकडा 262. जिममधल्या कुणीतरी सांगितलं, ‘इंजेक्शन घे, महिन्यात फरक पडेल.’ एका क्लिनिकने लगेच चिठ्ठीही लिहून दिली. तो माझ्याकडे आला तो फक्त ‘घेऊ ना?’ एवढं विचारायला. मी त्याला आधी दोन गोष्टी विचारल्या: रक्त किती वाजता दिलं, आणि मूल हवं आहे का? रक्त दुपारी, जेवणानंतर दिलं होतं. मुलासाठी नवराबायको वर्षभर प्रयत्न करत होते. हे दोन्ही प्रश्न चिठ्ठी लिहिणाऱ्याने विचारलेलेच नव्हते.

वेळ का महत्त्वाची? टेस्टोस्टेरॉन पहाटे आणि सकाळी सर्वांत जास्त असतं, मग दिवसभर उतरत जातं. तरुणांमध्ये हा फरक चांगलाच मोठा असतो. जेवल्यावर, विशेषतः गोड खाल्ल्यावर, ते आणखी खाली येतं. ताप, ऑपरेशन, मोठं आजारपण यांतही उतरतं. म्हणून रक्त सकाळी, उपाशीपोटी, बरं असताना द्यावं, आणि आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासावं. एका रिपोर्टवर निदान करू नये, यावर या विषयातल्या सगळ्या प्रमुख वैद्यकीय संघटनांचं एकमत आहे. पहिल्यांदा कमी आलेल्या अनेकांचा आकडा दुसऱ्या वेळी ठीक येतो.

शिवाय ‘कमी’ची रेघ तरी एकच आहे का? अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये ती 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरवर ओढली. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने निरोगी, लठ्ठ नसलेल्या तरुणांच्या मोजमापांवरून 264 हा आकडा मांडला. म्हणजे 280 असलेला माणूस एका दारात रुग्ण आणि दुसऱ्या दारात निरोगी. त्यात रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं ते सुमारे 2 टक्के. या प्रथिनांपैकी एसएचबीजी नावाचं प्रथिन लठ्ठपणात आणि मधुमेहाच्या वाटेवर कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा पुरेसं असतं. पोट सुटलेल्या माणसाचा रिपोर्ट वाचताना हे ध्यानात घ्यावंच लागतं.

मग लक्षणं? मरगळ, चिडचिड, झोप न लागणं, कामात लक्ष नसणं ही लक्षणं खरी आहेत, पण ती रक्तक्षयाचीही आहेत, थायरॉईडची, नैराश्याची, घोरण्याच्या आजाराची आणि कर्जाच्या हप्त्यांचीही. युरोपातल्या आठ केंद्रांवर 40 ते 79 वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी झाली, ती 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. टेस्टोस्टेरॉनशी घट्ट नातं दिसलं ते तीन लक्षणांचं: सकाळची ताठरता कमी होणं, कामेच्छा कमी होणं आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणं. ही तिन्ही लक्षणं आणि कमी आकडा असं दोन्ही जुळलेले पुरुष निघाले 2.1 टक्के. वय वाढलं म्हणून ज्यांना हा आजार आहे असं सांगितलं जातं, त्यांच्या तुलनेत ही संख्या फार लहान आहे.

आता मुख्य गोष्ट. टेस्टोस्टेरॉन वृषणांत तयार होतं, पण त्याचा हुकूम मेंदूतून येतो. हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एलएच टेस्टोस्टेरॉन तयार करवतं, एफएसएच शुक्राणू घडायला मदत करतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदू इशारा थांबवतो. आपल्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी आठवा: पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि मोटर बंद पडते. बाहेरून टँकर आणून टाकी भरली, तर मोटर सुरूच होत नाही, आणि महिनोन्‌महिने बंद राहिली तर नंतर चटकन उचलत नाही. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हा तो टँकर आहे.

म्हणूनच आकडा उतरला तर पहिला प्रश्न ‘किती वाढवायचा’ हा नसावा, ‘का उतरला’ हा असावा. एलएच आणि एफएसएच मोजल्याशिवाय टेस्टोस्टेरॉन सुरू करणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तरच पुसून टाकणं. ही दोन्ही संप्रेरकं वाढलेली असतील तर दोष वृषणांत आहे. ती कमी किंवा नुसती ‘नॉर्मल’ असतील तर दोष वरच्या हुकुमात आहे, आणि तिथे पुढचा शोध घ्यावा लागतो: प्रोलॅक्टिन, थायरॉईड, रक्तातलं लोह, गरज पडल्यास पिट्युटरीचा एमआरआय.

हा शोध का चुकवू नये ते दुसऱ्या एका रुग्णावरून सांगतो. पन्नाशीचे ट्रक ड्रायव्हर, गाव घाटाखालचं. वर्षभर कामेच्छा नव्हती. दाढी आठवड्यातून एकदा केली तरी चाले, हे त्यांच्या पत्नीने सांगितलं, त्यांनी स्वतः नाही. डोकं दुखायचं. आरसा नीट दिसत असूनही शेजारून ओव्हरटेक करणारी गाडी उशिरा लक्षात यायची. त्यांना शक्तीची इंजेक्शनं चालू होती. प्रोलॅक्टिन प्रचंड वाढलेलं निघालं, पिट्युटरीवर गाठ निघाली आणि ती डोळ्यांच्या नसांवर दाबत होती. अशा गाठीवर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही, कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी ती आकसते. त्यांची आकसली, नजर सुधारली आणि पुढच्या महिन्यांत टेस्टोस्टेरॉन आपोआप वर आलं. इंजेक्शनं चालूच राहिली असती, तर आकडा छान दिसला असता आणि नजर गेली असती.

तिसरा रुग्ण सांगितला नाही, तर माझं बोलणं एकांगी होईल. अठ्ठाविशीचा उंच तरुण, वृषणं लहान, छातीवर वाढ, दाढी विरळ. मित्रांनी शाळेपासून चिडवलेलं. गुणसूत्रांच्या तपासणीत एक्सएक्सवाय रचना दिसली. 1942 मध्ये हॅरी क्लाइनफेल्टर यांनी वर्णन केलेली ही अवस्था जन्मजात असते आणि साधारण 600 मुलग्यांत एकाला असते. पुष्कळांना ती आयुष्यभर कळतच नाही. या तरुणाची वृषणं पुरेसं टेस्टोस्टेरॉन तयार करूच शकत नाहीत. त्याला हा उपचार हवाच होता, आणि दोन वर्षांत त्याचं शरीर, आवाज, हाडं आणि माणसांत वावरणं बदललं. गालगुंडात वृषणं खराब झालेले, कर्करोगाच्या उपचारांत ती गमावलेले, पिट्युटरीचं ऑपरेशन झालेले, थॅलेसेमियात लोह साठून ग्रंथी बिघडलेले, या सगळ्यांसाठी टेस्टोस्टेरॉन हा चैनीचा उपचार नाही. मधुमेह्याला इन्सुलिन लागतं तितकं ते आवश्यक आहे. भीतीपोटी त्यांना ते नाकारणं हाही अन्यायच.

पण दवाखान्यात बहुतेक जण येतात ते या दोन्ही टोकांच्या मधले: पन्नाशी-साठीचे, वजन जास्त, मधुमेह असलेले, झोप अपुरी आणि आकडा रेघेच्या आसपास. त्यांच्यासाठी उपचार काय करतो, हे आता चांगल्या चाचण्यांतून कळलेलं आहे. 2016 आणि 2017 मध्ये अमेरिकेत 65 वर्षांवरच्या 790 पुरुषांवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. वर्षभर टेस्टोस्टेरॉनचं जेल लावल्यावर कामेच्छा आणि संबंधांत माफक सुधारणा झाली, मनःस्थिती थोडी सुधारली, रक्तक्षय असलेल्यांचं हिमोग्लोबिन वाढलं. मात्र ज्या थकव्यासाठी बहुतेक जण हे घ्यायला निघतात, तो नीटसा हलला नाही. स्मरणशक्तीला फायदा झाला नाही. म्हणूनच 2020 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितलं की वयाबरोबर कमी झालेल्या टेस्टोस्टेरॉनसाठी उपचार विचारात घ्यायचा तो लैंगिक तक्रारीसाठी. उत्साह, ताकद किंवा बुद्धी यांच्यासाठी तो सुरू करू नये. आणि 12 महिन्यांत फरक पडला नाही, तर थांबवावा.

‘पण डॉक्टर, मला तर खरंच बरं वाटलं,’ असं पुष्कळ जण सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. 1889 मध्ये पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार या 72 वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने कुत्रा आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद, पचन, बुद्धी सगळं तरुणपणासारखं झालं असं विद्वानांच्या सभेत सांगितलं. पाहता पाहता युरोप-अमेरिकेत त्या अर्काचा बाजार उभा राहिला. आज आपल्याला ठाऊक आहे की टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि वृषणांत त्याचा साठाही नसतो. म्हणजे त्या पाण्याच्या अर्कात ते नगण्यच होतं. शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं झालं ते 1935 मध्ये, ॲमस्टरडॅमला. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं. ब्राऊन-सेकार यांना बरं वाटलं ते आशेने. आशेची ताकद मोठी आहे, म्हणूनच एखाद्या औषधाचा गुण पडताळायचा तर आधी ठरवलेलं मोजमाप हवं.

धोक्यांबद्दलही इतकंच स्पष्ट बोललं पाहिजे. हृदयविकाराची भीती फार वर्षं होती. 2023 मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. हृदयरोग असलेल्या किंवा त्याचा धोका मोठा असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत 7.0 टक्के आणि न घेणाऱ्यांत 7.3 टक्के निघालं. हा दिलासा खरा आहे. पण त्याच चाचणीत हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाला अचानक इजा यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक दिसलं. पुढच्या वर्षी हाडांचे आकडे आले. हाडांची घनता वाढवणाऱ्या या औषधाने फ्रॅक्चर कमी होतील अशी अपेक्षा होती, पण ते औषध घेणाऱ्यांत 3.5 टक्के आणि इतरांत 2.46 टक्के झाले. घनतेचा आकडा सुधारला म्हणून हाड वाचतंच असं नाही, हा धडा मला फार मोलाचा वाटतो. प्रोस्टेटचा गंभीर कर्करोग मात्र दोन्ही गटांत सारखाच आणि अगदी थोडा दिसला. तरी ज्यांना तो कर्करोग आधीच आहे, त्यांनी हा उपचार सुरू करू नये.

रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त दिसणारा त्रास म्हणजे रक्त घट्ट होणं. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. रक्तातला या पेशींचा वाटा, म्हणजे हिमॅटोक्रिट, 54 टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवावंच लागतं. ऑस्ट्रेलियात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या किंवा नुकताच मधुमेह निघालेल्या सुमारे हजार पुरुषांवर दोन वर्षांची चाचणी झाली. सगळ्यांना वजन कमी करण्याचा कार्यक्रम दिला होता. इंजेक्शन घेणाऱ्यांत मधुमेह 12 टक्क्यांना राहिला किंवा झाला, न घेणाऱ्यांत 21 टक्क्यांना. हा फायदा लहान नाही. पण इंजेक्शनवाल्यांपैकी 22 टक्क्यांचं हिमॅटोक्रिट त्या रेषेला पोहोचलं. म्हणून रक्ततपासणीला येणं जमणार नसेल, तर हा उपचार घेऊच नये, असं मी स्पष्ट सांगतो. जेल लावणाऱ्यांनी हात धुवावेत, लावलेली त्वचा कपड्याने झाकावी आणि वाळेपर्यंत लहान मुलांना जवळ घेऊ नये, हेही घरात सगळ्यांना माहीत असावं.

आणि मूल. हे मी सर्वांत ठासून सांगतो, कारण तरुणांना हेच सांगितलं जात नाही. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन मेंदूचा हुकूम बंद करतं आणि वृषणांतलं शुक्राणू घडवण्याचं काम थांबतं. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात हेच इंजेक्शन दर आठवड्याला निरोगी पुरुषांना गर्भनिरोधक म्हणून देऊन पाहिलं होतं, आणि सहा महिन्यांत निम्म्याहून अधिक जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नव्हता. औषध थांबवल्यावर ते सहसा परततात, पण त्याला महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त. आईबाप होण्यासाठी धडपडणाऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याला शक्तीसाठी हे इंजेक्शन देणं म्हणजे नकळत त्यांची वाट अडवणं. मूल हवं असेल तर मेंदूचा हुकूम चालू ठेवून काम करणारे दुसरे उपाय आहेत. ते तज्ज्ञाकडून घ्यावेत.

त्या सॉफ्टवेअरवाल्या तरुणाचं काय झालं, हे विचाराल. सकाळी उपाशीपोटी पुन्हा तपासल्यावर आकडा 338 आला, मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक होतं. बायकोला विचारल्यावर तो रात्री घोरतो आणि मध्येच श्वास अडकतो असं कळलं. झोपेची तपासणी झाली, झोपेत श्वास मोकळा ठेवणारं मशीन लागलं, कामाची पाळी बदलून घेतली. एका आठवड्याच्या पाच तासांच्या झोपेने निरोगी तरुणांचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरतं, हे 2011 मधल्या छोट्या पण नेटक्या अभ्यासात दिसलं आहे. वजन घटवल्यावर ते चढतं, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. वर्षभरात त्याचं वजन उतरलं, मरगळ गेली. त्याला टेस्टोस्टेरॉन लागलं नाही.

आता निर्णयाकडे येतो. आकडा दोनदा सकाळी कमी आला, लक्षणं जुळली, कारण शोधलं, झोप, वजन, मधुमेह, दारू आणि चालू औषधं यांची दखल घेतली, तरीही तक्रार उरली. तर उपचार करून पाहणं योग्य आहे. मात्र सुरू करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा. कशासाठी घेतो आहोत: ‘बरं वाटावं’ असं मोघम नको, ‘कामेच्छा परत यावी’ असं नेमकं हवं. कधीपर्यंत पाहणार: सहा महिने, फार तर वर्ष. आणि फरक पडला नाही तर थांबवणार, हेही आधीच ठरवा. तीन ते सहा महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट आणि चाळिशीनंतर प्रोस्टेटसाठी रक्तातलं पीएसए तपासायचं, पुढे दरवर्षी. दीर्घकाळ घेतल्यावर थांबवताना काही महिने मरगळ पूर्वीपेक्षा जास्त जाणवू शकते, कारण बंद पडलेलं काम पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. हे आधी सांगितलेलं असेल, तर माणूस घाबरून पुन्हा इंजेक्शनकडे वळत नाही.

या संभाषणात पत्नी असावी, असा माझा आग्रह असतो. ड्रायव्हरसाहेबांची दाढी आणि त्या तरुणाचं घोरणं, दोन्ही मला त्यांच्या घरच्यांकडून कळलं. शिवाय संबंधांतला दुरावा हा दोघांचा असतो, एकट्याच्या रक्ताचा नसतो. कधी तिची रजोनिवृत्ती चालू असते, कधी घरात वेगळी खोलीच नसते, कधी वर्षानुवर्षांचा अबोला असतो. यातलं काहीही इंजेक्शनने सुटत नाही.

लॅबच्या मालकांना माझी विनंती आहे: ज्याने लक्षण सांगितलेलं नाही, त्याच्या पॅकेजमध्ये ही तपासणी घालू नका, घातलीच तर रक्ताची वेळ रिपोर्टवर ठळक छापा. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे: एलएच आणि एफएसएच पाहिल्याशिवाय, आणि मुलाचा प्रश्न विचारल्याशिवाय, चिठ्ठी लिहू नका. आणि इथल्या पुरुषांना सांगायचं आहे की हा आकडा तुमच्या पुरुषपणाचा गुण नाही. तो शरीराने दिलेला निरोप आहे, आणि निरोपाचं कारण विचारायचं असतं. डॉक्टरने कारण न सांगता औषध पुढे केलं, तर ‘का उतरला?’ असं तुम्ही विचारा. उत्तर मिळाल्यावर घ्यायचं की नाही, हा निर्णय तुमचाच. तो पूर्ण माहितीवर व्हावा, हे पाहणं आम्हा डॉक्टरांचं काम आहे, आणि ते आमच्याकडून करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.